नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड (२००५) – अजून कोण कोण खेळतं?

तिसरागिअर

२००५ च्या नोव्हेंबरात आलेला गाड्यांच्या रेसचा गेम, वीस वर्षं होऊन गेली. त्यानंतर याच मालिकेत कार्बन आला, अंडरकव्हर आला, २०१२ मध्ये याच नावाचा भलताच गेम आला, मग हीट, अनबाउंड. दिसायला एकापेक्षा एक. तरी आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नीड फॉर स्पीडचा विषय निघाला की गाडी मोस्ट वाँटेडच्या रॉकपोर्ट शहरावरच येऊन थांबते आणि कुणीतरी त्यातल्या खलनायकाला, रेझरला, शिवी हासडतं.

माझ्या मते सगळं श्रेय पाठलागांचं. ब्लॅकलिस्टवरच्या, म्हणजे शहरातल्या नामचीन रेसरांच्या यादीतल्या, पंधरा जणांना खालून वर एकेक करून हरवायचं, पण नुसत्या रेस मारून पुढचा माणूस तुम्हाला उभंच करत नाही. बाउंटी (पोलिसांना सतावून मिळणारे गुण) जमवा, माइलस्टोन पुरे करा. इतकी मिनिटं पळून दाखवा, इतक्या पोलीस गाड्या भंगारात काढा, इतके रोडब्लॉक फोडा. मामांच्या नादी लागणं ऑप्शनला टाकायची सोयच नव्हती. नंतरच्या बऱ्याच भागांत पोलीस आहेत, पण ते रेसच्या वाटेत आडवे येतात तेवढेच.

का आपण तेव्हा नववी-दहावीत होतो म्हणून असं वाटतं? मोकळेपणाने भांडा. फक्त 'ग्राफिक्स जुने झाले' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते आम्हालाही दिसतं.

कॅफेवाले_काका

मी हा गेम फारसा खेळलो नाही, पण तासाच्या हिशोबाने विकला आहे. तेव्हा मत द्यायचा हक्क समजा.

नाशिकला कॅफे होता. थोड्याच मशीनला ग्राफिक्स कार्ड, बाकी सगळी ऑनबोर्डवाली. तिथे सगळं सेटिंग कमीत कमीवर ठेवलं की गेम कसाबसा ओढायचा. कार्डवाल्या मशीनसाठी पोरं शाळा सुटायच्या आधीच नंबर लावून ठेवायची. आता शाळा सुटायच्या आधी ती माझ्याकडे कशी, हे मी कधी विचारलं नाही.

खरी गंमत सेव्हची. व्हायरसच्या भीतीने आम्ही सगळीकडे डीप फ्रीझ टाकलेलं. मशीन रीस्टार्ट केलं की जैसे थे, पोरांची कमाई साफ. मग शहाणी पोरं उठायच्या आधी माय डॉक्युमेंट्समधला मोस्ट वाँटेडचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी परत चिकटवायची. त्यात ते लोडशेडिंगचे दिवस. पाठलाग चालू असताना सेव्ह करता येत नाही. लाइट गेली की यूपीएस टूं-टूं करायला लागायचा आणि त्या दहा मिनिटांत पोरगं घामाघूम होऊन मामांना चुकवायला बघायचं. मागून सगळे ओरडतायत, "गल्लीत घाल, गल्लीत घाल!" चुकवले तर बाउंटी खात्यात, नाही तर स्क्रीन काळी. तासाचे पैसे काका परत देत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं. बाकी रेसचे गेम चालू असले की फार तर शेजारचा डोकावायचा. मोस्ट वाँटेडचा पाठलाग रंगला की अख्खा कॅफे खुर्च्या वळवून बसायचा. त्यात वय होतं हे खरं, पण तीच पोरं त्याच वयात दुसरे गेमही खेळत होती.

ऑरेंजसिटी

राजेहो, अंडरग्राउंड २ चं नावच नाही काढलं कोणी?

२००४ चा गेम. बेव्ह्यू शहर, रात्र, पावसानं चकचकणारा रस्ता, गाडीखाली निऑन. डिकीत स्पीकर भरा, दरवाजे वर उघडणारे करा, हायड्रॉलिक्सवर गाडी नाचवा. ज्याची त्याची गाडी वेगळी दिसायची. मोस्ट वाँटेडमध्ये यातलं अर्धं सामान काढून टाकलं. निऑन गेलं, ड्रिफ्टची स्पर्धा गेली. अन् रात्रच नाही! सकाळ असो का संध्याकाळ, सगळीकडे तेच पिवळं ऊन. मे महिन्यात आमच्या नागपुरात असंच दिसते, त्यासाठी गेम कशाले पाहिजे?

पाठलाग भारी, मान्य. पण स्ट्रीट रेसिंग म्हणजे फक्त पोलिसांपासून पळणं नाही.

इसारकाठची

म्युनिकमध्ये राहते, त्यामुळे गाडीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

गेममधली नायकाची निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर ही हवेतून काढलेली गाडी नव्हे. रस्त्यावरच्या तेव्हाच्या एम३ मध्ये ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन असे. २००१ मध्ये अमेरिकन ल मां मालिकेत उतरताना बीएमडब्ल्यूने तिच्यात ४ लिटरचं व्ही८ बसवलं आणि त्या हंगामात आपल्या वर्गात अजिंक्यपद मारलं. बाकीच्यांनी बोंब ठोकली की असं इंजिन असलेली एम३ तुम्ही गिऱ्हाइकाला विकता तरी कुठे? मग पुढच्या हंगामासाठी नियम आला: किमान १०० गाड्या आणि १००० इंजिनं बनवून दाखवा. बीएमडब्ल्यूने तिथून काढता पाय घेतला. पुढे हीच गाडी न्यूर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या रेसमध्ये आली आणि २००४, २००५ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली.

म्हणजे गेम बाजारात आला त्याच वर्षी खरी जीटीआर जर्मनीत जिंकत होती, आणि अमेरिकेत मात्र नियमांनी बाहेर काढलेली होती. गेमची गोष्टही अमेरिकेसारख्या शहरातलीच. पोलिसांना हव्या असलेल्या नायकाला यापेक्षा शोभेशी गाडी कुठून आणणार होते!

आणि तो आवाज. इंजिनाच्या गुरगुरण्यावर गिअरबॉक्सची ती बारीक किंचाळी. सरळ दातांच्या गिअरचा आवाज खऱ्या रेसच्या गाडीला तसाच येतो. गेममध्ये सुरुवातीला ही गाडी थोडा वेळ हातात देतात आणि काढून घेतात, मग तुम्हाला पुंटो नाही तर गोल्फ घेऊन पहिल्या पायरीवर बसवतात. परत मिळते ती थेट रेझरला हरवल्यावर. मला तर पाठलागापेक्षा हा डाव जास्त भारी वाटतो.

तिसरागिअर

ताई, ही माहिती नवीन आहे, मनापासून आभार. बाय द वे, पुंटो घेणारा मीच. वर्गात हसले होते सगळे. २००९ ला ग्रांदे पुंटो आपल्याकडे विकायला आली तेव्हा शोरूममध्ये मला उगीच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

ऑरेंजसिटी भाऊ, निऑनचं दुःख समजतं. पण निऑन लावून जायचं कुठे? अंडरग्राउंड २ मध्ये एका रेसवरून दुसऱ्या रेसवर जाताना मधलं शहर रिकामं. मोस्ट वाँटेडमध्ये तो मधला रस्ताच धोक्याचा असतो.

गणिताचे_सर

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. रेस आणि पाठलाग वेगळे करून बघा.

रेस म्हणून हा गेम अन्यायी आहे. कॉम्प्युटरच्या गाड्यांना रबर लावलेलं आहे. तुम्ही लांब पुढे गेलात की मागच्यांना कुठून तरी बळ येतं, तुम्ही आपटलात की पुढचे जरा दमाने घेतात. परिणाम असा की पहिल्या लॅपला काय केलंत याला फारशी किंमत नाही. शेवटच्या दोन वळणांवर काय झालं तेच मोजायचं. अख्खी रेस स्वच्छ चालवून शेवटच्या चौकात आडव्या आलेल्या टॅक्सीला धडकलेला माणूस मी काय बोलतोय ते समजेल. ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या रेसमध्ये, तर धडक बसली की खेळच खल्लास.

पाठलाग मात्र फार विचारपूर्वक बांधलेला आहे. त्यातली मेख कुठे आहे बघा. हीट, म्हणजे पोलीस किती खवळलेत त्याची पातळी, गाडीला चिकटते, माणसाला नाही. एका गाडीवर फार तापलं की ती गॅरेजमध्ये ठेवून दुसरी काढा. किंवा रंग बदला, बॉडी किट बदला, हीट उतरते. म्हणजे सजावट ही नुसती हौस न राहता कामाची झाली (ऑरेंजसिटी, इथे लक्ष द्या). पकडले गेलात तर दंड भरायचा, वर गाडीवर एक स्ट्राइक. तीन स्ट्राइक भरले की गाडी जप्त. म्हणून स्पाइकच्या पट्टीवर टायर फुटलेली गाडी नुसत्या रिमवर घासत नेताना पोटात गोळा येतो. ती गाडी खरंच जाऊ शकते.

त्यात पायऱ्या कशा चढवल्यात तेही बघा. आधी साध्या क्रूझर, त्या तर ट्रकच्या मागे नेऊन आपटवता येतात. मग जड एसयूव्ही समोरून थेट तोंडावर येतात. मग हेलिकॉप्टर. पाचव्या पातळीला कॉर्व्हेट, तिच्यापासून सरळ रस्त्यावर सुटका नाही, वळणंच शोधावी लागतात. प्रत्येक पायरीला तुम्हाला पळायची रीत बदलावी लागते. नुसती पोलिसांची संख्या वाढवली असती तर इतकी मजा आली नसती.

बारावीनंतर_बघू

सगळ्या काका-मामांना नमस्कार. मी अठराचा आहे, म्हणजे मला 'तेव्हा नववीत होतो' लागू नाही. मोठ्या भावाच्या आग्रहावरून मागच्या सुट्टीत पूर्ण खेळलो.

पाठलाग चांगले आहेत. पण तुम्ही लोक मधला कंटाळा विसरलात. आठव्या नंबरच्या ज्युएल्सपासून चौथ्या जेव्हीपर्यंत तेच ते. त्याच रस्त्यांवर सर्किट, त्याच टोलबूथ, तेच माइलस्टोन, आकडा तेवढा मोठा. हीट पाचला पोचायला प्रत्येक वेळी सुरुवातीची पंधरा मिनिटं त्याच मंद क्रूझरशी खेळत बसा.

आणि 'गाडी जाऊ शकते' म्हणता, पण पकडलं गेल्यावर आधीचा सेव्ह लोड केला की झालं ना? २०१९ चा 'हीट' हा गेम याबाबतीत सरस आहे. दिवसा अधिकृत रेस करून पैसे, रात्री बेकायदा रेस करून रेप (रेप्युटेशन, म्हणजे नाव). रात्री जितकी हीट जास्त तितका रेपचा गुणाकार मोठा, पण सेफहाउसला पोचायच्या आत पकडले गेलात तर तो गुणाकार गेला. अजून एक रेस मारू की घरी जाऊ, हा प्रश्न दर पाच मिनिटांनी पडतो. मोस्ट वाँटेडमध्ये हा प्रश्न कुठे आहे?

गणिताचे_सर

मुद्दा पक्का आहे, वाद नाही. 'हीट' गेममधला रात्रीचा जुगार मलाही आवडला. पण तिथे गाडीला जीव मोजून दिलाय. पोलिसांच्या धडका खाऊन पट्टी संपली की खेळ संपला. त्यामुळे पाठलाग आखूड होतात, आणि बहुतेक वेळा तुम्ही लढत नाही, फक्त सटकायला बघता. २००५ वाल्यात काचा तडकतात, पत्रा खरचटतो, पण गाडी मरत नाही. पोलिसांच्या वेढ्यात जिथे तुमचा वेग शून्य होईल तिथेच तुम्ही संपता. म्हणून पाठलाग तासभर लांबू शकतो आणि त्यात गोष्ट घडत जाते.

आणि कूलडाउन विसरू नका. सगळे मागे टाकले, नजरेआड झालात, आता खाली ती पट्टी भरायची वाट बघा. नकाशावर लपायच्या जागा दाखवलेल्या असतात, तिथे गेलात तर लवकर भरते. पण जायचं तर रस्त्यावर यावं लागतं. मागच्या गल्लीत गाडी बंद केल्यासारखी उभी, नकाशावर एक पोलीस कोपऱ्यापर्यंत येतो, थांबतो... आणि पट्टीचा थोडासाच भाग उरलेला. रेसच्या गेममध्ये न हलता उभं राहण्यात एवढा थरार भरणं सोपं काम नाही.

मिरजेची_मीनल

सर, +१. आणि पोलिसांचं वायरलेस! त्याबद्दल कुणीच कसं नाही बोललं?

आमच्याकडे मुली कॅफेत जायच्या नाहीत, म्हणजे जाऊ द्यायचे नाहीत. मी दादाच्या कॉम्प्युटरवर खेळायचे, आवाज बारीक करून, तो क्लासला गेला की. त्यामुळे हेडफोन लावून वायरलेसवरचं बोलणं नीट ऐकायची सवय लागली. ते लोक तुमच्या गाडीचा रंग सांगतात, कुठल्या दिशेने चाललात ते सांगतात, रोडब्लॉक लावतोय, स्पाइक टाकतोय हेही आधी बोलतात. ते कळलं की रोडब्लॉक दिसायच्या आतच बाजूचा रस्ता धरता येतो. दादा गाणी मोठ्याने लावून खेळायचा आणि दर वेळी पट्टीवर जायचा. त्याला मी हे गुपित अजून सांगितलेलं नाही.

पर्सूट ब्रेकरमध्ये (धडक दिली की मागच्या पोलिसांवर कोसळणाऱ्या वस्तू) माझं लाडकं म्हणजे डोनटच्या दुकानावरचा तो अवाढव्य डोनट. खांबाला घासून पुढे सटकायचं, मागे तो घरंगळत खाली, आणि त्याच्याखाली डोनट खाणाऱ्यांची फौज.

ऑरेंजसिटी

डोनटचा पॉइंट तेवढा मोस्ट वाँटेडला. बाकी निऑन निऑन हाय.

कल्याण_स्लो

जरा वाट वाकडी करतो. धागा वाचून माळ्यावरून ओरिजिनल डिस्क काढली, नव्या लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडला, इन्स्टॉल झालं, पण गेम उघडतच नाही. विंडोज ११ आहे. डिस्क खराब झाली का?

गणिताचे_सर

डिस्क बहुधा ठणठणीत असेल. त्या काळच्या डिस्कवर सेफडिस्क नावाचं कॉपीविरोधी कुलूप असायचं. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षिततेच्या कारणाने त्याचा ड्रायव्हर चालवणंच बंद केलं, त्यामुळे विकत घेतलेली डिस्कच दारात अडकते. प्रामाणिक गिऱ्हाइकाला शिक्षा, दुसरं काय. जुनं एक्सपीचं मशीन पडलं असेल तर त्यावर लावा. स्टीमवर २००५ चा गेम नाही, तिथे दिसतो तो २०१२ वाला. नावाला भुलून घेऊ नका.

संपादक

कुलूप काढलेल्या फाइलींच्या लिंका इथे देऊ नयेत. दोन प्रतिसाद काढले आहेत.

कल्याण_स्लो

धन्यवाद सर. ऑफिसातून भंगारात निघालेला एक्सपीचा डबा आहे, त्यावर चालला! फक्त एक त्रास. वरचा बाण आणि डावा बाण दाबून स्पेसबार मारला की हँडब्रेक लागतच नाही. उजवीकडे वळताना लागतो.

कॅफेवाले_काका

हा हा हा. हे दुखणं मी रोज ऐकायचो. "काका, कीबोर्ड खराब आहे, बदलून द्या." खराब नसतो. स्वस्त कीबोर्डला आतल्या जोडणीमुळे काही ठरावीक तीन बटणं एकदम कळत नाहीत, आणि वर-डावा-स्पेस ही त्यातली नामांकित तिकडी. हँडब्रेक दुसऱ्या बटणावर घ्या, शिफ्टवर वगैरे. आमच्याकडची पोरं गेम चालू केल्या केल्या आधी तेवढंच बदलायची. ज्याला ठाऊक नसायचं तो गिऱ्हाईक नवा आहे हे मला काउंटरवरून कळायचं.

इसारकाठची

२०१२ चा विषय निघालाच आहे तर त्याची बाजू घेते, कारण इथे कुणी घेणार नाही. तो क्रायटेरियनने केला, २००५ वाला ब्लॅक बॉक्सने. क्रायटेरियनची मंडळी म्हणजे बर्नआउट हा गेम करणारी, त्यांचा हात आपटाआपटीवर बसलेला. फेअरहेवन शहरात बहुतेक गाड्या पहिल्या दिवसापासून रस्त्याच्या कडेला उभ्या, शोधा आणि घ्या. गोष्ट नाही, रेझर नाही, नायकाला मदत करणारी मिया नाही. मित्रांच्या आकड्यांशी स्पर्धा हाच गाभा. वेगळ्या नावाने आला असता तर लोकांनी डोक्यावर घेतला असता. नाव तेच लावलं आणि फटके खाल्ले.

मिरजेची_मीनल

ताई, गोष्ट नाही हाच तर गुन्हा! २००५ मधले ते प्रसंग खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेत आणि मागे कॉम्प्युटरचं शहर लावलंय. आज बघताना हसू येतं, रेझर तर प्रत्येक वाक्य दात ओठ खाऊन बोलतो. पण मियाचं काम जोसी मारानने असं सहज केलंय की शेवटी ती पोलिसांची निघते तेव्हा मी खरंच चिडले होते. आणि तरी पळायची वाट तीच सांगते. तुटलेल्या पुलावरून उडी मारून रॉकपोर्ट सोडायचं. पोलीस अधिकारी क्रॉस मागे. हे असं काही असल्याशिवाय पंधरा जणांना हरवायचं कशासाठी?

बारावीनंतर_बघू

पुलाची उडी भारी होती. तेवढं कबूल. मधले पाच जण कमी करा, मग मीही म्हणेन बेस्ट.

बाय द वे, एक प्रश्न. भाऊ म्हणतो त्याने बाउंटी जमवली ती रोझवुडच्या बस डेपोत. उभ्या बसच्या टपावर गाडी चढवायची, खाली पोलीस गोल गोल फिरतात, वर येताच येत नाहीत. आपण चहा प्यायला जायचं, वेळेचा माइलस्टोन आपोआप. हे खरंय का? आणि हे चालतं का?

ऑरेंजसिटी

खरं आहे. चालते. गेमनं जागा दिली, आपण घेतली.

गणिताचे_सर

खरं आहे आणि अजिबात चालत नाही. हा कॉपी करून पास होण्याचा प्रकार झाला.

कॅफेवाले_काका

सर, तासाला वीस रुपये मोजणाऱ्या पोराला बसच्या टपावर चहा प्यायला परवडत नव्हतं. ही घरी कॉम्प्युटर असलेल्यांची थेरं. आमच्याकडची सगळी बाउंटी रस्त्यावरची.

तिसरागिअर

झालं, आता धागा शंभरी गाठणार. मग असं करू. ज्यांच्याकडे गेम चालतोय त्यांनी येत्या रविवारपर्यंत एका पाठलागात जास्तीत जास्त बाउंटी करून स्क्रीनचा फोटो इथे टाका. बस डेपो बाद. रेझरच्या जीटीआरला बंदी, नाहीतर इसारकाठची ताई सगळ्यांना लोळवतील. कल्याण_स्लो, आधी हँडब्रेक शिफ्टवर घ्या.

मिरजेची_मीनल

मी आहे. दादालाही लिंक पाठवतेय, पण वायरलेसचं कुणी बोलू नका.